सोड्याला टेकू, कापसाला धक्का



३० डिसेंबर २०२४ रोजी दिल्लीतून एक अधिसूचना निघाली. परदेशातून येणाऱ्या एका मालाची किंमत टनाला २०,१०८ रुपयांपेक्षा कमी असेल, तर तो माल देशात उतरू द्यायचा नाही, असा हुकूम तीत होता. पहिली मुदत ३० जून २०२५ पर्यंतची. हेतू उघड होता. बाहेरचा स्वस्त माल आला की इथल्या उत्पादकाचा भाव पडतो, तो पडू नये.

हा माल कोणता? कापूस नव्हे. तूर नव्हे, सोयाबीन नव्हे. हा माल म्हणजे सोडा. कारखानदार ज्याला सोडा ॲश म्हणतात आणि आपण धुण्याचा सोडा म्हणतो, तो. तुमच्या चुलीजवळच्या डबीतला खायचा सोडाही याच्यापासूनच तयार होतो.

या गोष्टीला आठ महिने व्हायच्या आत त्याच दिल्लीतून दुसरा हुकूम निघाला. १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सांगितले, ३० सप्टेंबरपर्यंतच. महिना संपण्याआधीच मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ केली. तेव्हा आपल्या पऱ्हाटीला पात्या-फुले लागलेली होती. बी-खताचा, निंदण-डवरणीचा पैसा वावरात गेलेला होता. दसऱ्या-दिवाळीला पहिला वेचा घरात येतो, नेमके त्याच दिवसांत परदेशी कापसाला दार सताड उघडे राहील, याची पुरती तजवीज करण्यात आली.

एकाला टेकू, दुसऱ्याला धक्का. हात एकच.

नागभीडच्या बैठकीत या दोन हुकुमांवर बोलायचे आहे. नागभीड-ब्रह्मपुरीचा पट्टा धानाचा, आणि कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले बहुतेक वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या बाजूचे. पण नागभीड जंक्शनचे गाव आहे आणि प्रश्नही जंक्शनचाच आहे. आज कापसाची गाडी रुळावरून घसरली, उद्या धानाची घसरेल. म्हणून सगळ्यांनी यावे. आणि येण्याआधी हा सोडा म्हणजे काय प्रकार आहे, तो कुठून येतो, कशाकशाला लागतो, हे नीट समजून घ्यावे. ज्या मालाची सरकारला एवढी कळकळ, त्याची आपल्याला पुरती ओळख हवी.

चुलीजवळचा सोडा

सोड्याशी आमचे वैर नाही. माल गुणी आहे.

खायच्या सोड्यात कार्बन डायऑक्साइड वायू बांधलेला असतो. आंबट पदार्थ भेटला किंवा आच लागली की तो सुटतो आणि पिठात बुडबुडे धरतो. भजी फुगतात ती त्यामुळे. आंबट ताकातला ढोकळा फुगतो, बिस्किट खुसखुशीत होते, तेही त्यामुळेच. ज्वारीच्या धापोड्यांत आणि उडदाच्या पापडांत जो पापडखार पडतो, तो याच कुळातला. विहिरीचे पाणी जड असले की तुरीची डाळ शिजता शिजत नाही. अशा वेळी बाया चिमूटभर सोडा टाकतात आणि डाळ लवकर शिजते. पण त्याबरोबर डाळीतले ब जीवनसत्त्वही बरेच मरते, म्हणून रोजची सवय लावू नये. पोटात जळजळ झाली की जुनी माणसे पाण्यात सोडा घेतात. औषधाच्या दुकानातल्या फसफसणाऱ्या पुडीतही मुख्य माल हाच, जोडीला लिंबातले आम्ल. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, कारण सोड्यात मिठासारखेच सोडियम भरलेले आहे.

गोठ्यातही तो कामाला येतो. बैलाने ज्वारीच्या राशीत तोंड घातले आणि पोटात आंबले, तर गुरांचे डॉक्टर सोडा पाजतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला विषबाधा झाली असेल तर सोडा कामाचा नाही. तिथे डॉक्टर शिरेतून सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन देतात. सोडा पाजत बसून वेळ घालवला तर जनावर हातचे जाईल. तसेच फवारणीच्या टाकीत कीटकनाशकाबरोबर सोडा मिसळू नका. सोड्याने पाणी अल्कधर्मी होते आणि अशा पाण्यात कित्येक कीटकनाशकांची ताकद फवारणीआधीच निघून जाते.

आणि हाच सोडा पाण्यातून वावरात येत राहिला तर काय होते? पूर्णेच्या खोऱ्यातल्या, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या भावांना विचारा. तिथल्या विहिरीच्या पाण्यात सोडियमचे क्षार आहेत. ओलीत केले की काळी माती बसते, तिच्यात पाणी मुरत नाही. पावसात तिचा चिखल होतो, उन्हात ढेकूळ फुटत नाही. कृषी महाविद्यालयात आम्हाला 'चोपण जमीन' म्हणून हेच शिकवले. उपाय म्हणून जिप्सम सांगितले. जिप्समचे पैसे कोणी द्यायचे, तो धडा पुस्तकात नव्हता. कारखान्यातला सोडा स्वस्त झाला तर सरकार धावते. वावरात सोडा फुकट येऊन जमीन मारतो, तेव्हा तो शेतकऱ्याच्या नशिबाचा भोग ठरतो.

लोणारला कोणी टेकू दिला?

सोडा ही काही कारखान्याने शोधलेली चीज नाही. आपल्या विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा केला, त्यात हे सोड्याचे पाणी साठले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीत लोणारच्या परिसराची नोंद आहे, आणि काच व साबण करण्याचे साहित्य तिथे मिळते असे तीत म्हटले आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षाराचे थर उघडे पडत. दल्ला, खप्पल, पापडी अशी त्यांची नावे. मजूर तो क्षार काढत, व्यापारी नेत.

पुढे कारखान्यातला शुद्ध आणि स्वस्त सोडा सगळीकडे मिळू लागला. लोणारचा व्यापार त्याच्यापुढे टिकला नाही. आता २००० सालापासून तिथे अभयारण्य आहे, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराला रामसर यादीत जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळाले. ते योग्यच झाले. पण लोणारच्या काठावर पाठ वाकवून क्षार काढणाऱ्या माणसाचा माल मागे पडला, तेव्हा कोणत्याही सरकारने हुकूम काढला नाही की बाहेरचा सोडा अमुक किमतीच्या खाली येता कामा नये. तेव्हा सांगितले गेले, हा बाजाराचा नियम आहे, स्वस्त माल टिकतो आणि महाग माल मरतो. मग हाच नियम कारखानदाराच्या दाराशी पोहोचताच बदलला कसा?

मीठ, चुनखडी आणि धूर

आज देशातला बहुतेक सोडा समुद्राकाठी होतो. १८६१ साली बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वेने शोधलेली पद्धत अजूनही चालते. मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवायचा. चुनखडी भट्टीत भाजायची आणि तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यातून सोडायचा. तळाशी जे पांढरे स्फटिक बसतात, तो कच्चा खायचा सोडा. तो गाळून भाजला की सोडा ॲश होते. मग सोडा ॲश पुन्हा पाण्यात विरघळवून त्यातून तोच वायू पुन्हा सोडला, की शुद्ध खायचा सोडा मिळतो. अमोनिया परत वापरता येतो. एक टन सोडा ॲशला साधारण दीड टन मीठ आणि सव्वा टन चुनखडी लागते.

मीठ गुजरातच्या किनाऱ्यावर आणि चुनखडीही त्याच भागात, म्हणून कारखानेही तिकडेच. धांगध्रा, मिठापूर, पोरबंदर, सुत्रापाडा, भावनगर. त्यातले मिठापूर हे तर बडोद्याच्या गायकवाडी मुलखात, ओखामंडळात होते. टाटा केमिकल्सची स्थापना तिथे १९३९ साली झाली. परदेशात काही ठिकाणी एवढी उठाठेव लागत नाही. अमेरिकेत वायोमिंगला, तुर्कस्तानात, केनियाच्या मगादी तलावात सोड्याचा खनिज क्षार निसर्गानेच साठवून ठेवला आहे. तो उकरायचा आणि शुद्ध करायचा. तिकडचा सोडा स्वस्त पडतो त्यात ही निसर्गाची देणगी मोठी आहे.

चुनखडी आपल्याकडेही कमी नाही. गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांत ती रोज भाजली जाते. तिथे तिच्यातला वायू आकाशात जातो, सोड्याच्या कारखान्यात तोच वायू मालात बांधला जातो. तमिळनाडूत तुतिकोरिनच्या सोडा कारखान्यात तर २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून सोड्यासाठी वापरण्याची सोय झाली. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांखाली राहणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. धुराचाही माल होतो. मात्र घेणारा पाहिजे, आणि त्याला भाव पाहिजे.

हा सोडा जातो कुठे? भजी-पापडात जातो तो चिमूटभर. खरा खप काच आणि कपडे धुण्याच्या पावडरीचा. खिडकीची काच, औषधाची बाटली, छतावरच्या सौरपत्र्याची काच, सगळ्यांत सोडा ॲश. खायचा सोडा कातडी कमावण्यात जातो, कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आग विझवण्याच्या लाल नळकांड्यातल्या पावडरीत जातो, मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्याच्या डायलिसिसला लागतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आमच्या जंगलातला बांबू शिजला, तो याच घराण्यातल्या कॉस्टिक सोड्यात.

आणि कापसाला? कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. कॉस्टिक सोड्यात उकळून तो काढल्याशिवाय कापड पाणी पीत नाही, रंग धरत नाही. रंग पक्का बसावा म्हणून पुन्हा सोडा ॲश लागते. म्हणजे आपला कापूस आणि समुद्राकाठचा सोडा हे दोन्ही माल एकाच कापडाच्या हौदात जाऊन मिळतात. कापडाला दोन्ही हवेत. पण त्या हौदापर्यंत येताना एकाच्या पायाखाली सरकारने फळी ठेवलेली असते आणि दुसऱ्याच्या पायाखालची काढून घेतलेली असते.

घरच्या घरी करायचा हिशेब

१०६ किलो सोडा ॲशपासून १६८ किलो खायचा सोडा तयार होतो, कारण त्यात पाणी आणि वायू मिसळतात. म्हणजे एक किलो खायच्या सोड्याला सुमारे ६३० ग्रॅम सोडा ॲश पुरते. सरकारने ठरवलेल्या किमान किमतीने, किलोला २० रुपये ११ पैसे धरून, तिचे साधारण १२ रुपये ७० पैसे होतात. शुद्ध करण्याचा खर्च धरा, पाकीट धरा, वाहतूक धरा, कर धरा, दुकानदाराचा नफा धरा. मग तुमच्या घरातले सोड्याचे पाकीट हातात घ्या, त्यावरचे वजन आणि छापील किंमत वाचा आणि किलोचा भाव काढा. मधला फरक किती, तो ज्याचा त्याने वहीत लिहावा.

पाकीट विकणाऱ्याने नफा खाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. धंदा आहे, नफा हवाच. आमचे म्हणणे एवढेच की त्याच्या पाकिटावर त्याची किंमत त्याने छापलेली असते. कापसाच्या गाडीवर कास्तकाराला आपली किंमत कधी छापता आली आहे काय? कच्च्या सोड्याला बंदरावर सरकारी कठडा आणि पक्क्या सोड्याला मालकाने छापलेली किंमत, म्हणजे माल वरपासून खालपर्यंत सुरक्षित. कापूस मात्र जिनिंगच्या फाटकात उभा राहून विचारतो, आज काय देता?

सोड्याची वकिली किती जुनी

२०२४ चा हुकूम काही अचानक आभाळातून पडला नाही. त्याच्यामागे पंचवीस-तीस वर्षांची चिकाटी आहे.

१९९६ साली अमेरिकेतल्या सोडा उत्पादकांनी निर्यातीसाठी मिळून उभी केलेली ॲन्सॅक ही संस्था भारतात माल आणायला निघाली. इथल्या अल्कली उत्पादकांची संघटना मक्तेदारी आयोगाकडे गेली. हे परदेशी एकजूट करून भाव पाडायला निघाले आहेत, अशी तक्रार केली. आयोगाने ॲन्सॅकला अडवले. तो आदेश २००२ साली सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला. पण मधली वर्षे हातची गेली नाहीत. २००९ साली चिनी सोड्याविरुद्ध २० टक्के संरक्षण शुल्क मिळवले. २०१२ साली चीन, युरोपीय संघ, केनिया, इराण, पाकिस्तान, युक्रेन आणि अमेरिका इथून येणाऱ्या सोड्यावर अँटी-डंपिंग शुल्क लागले. यातली गंमत अशी की केनियाच्या मगादी तलावावरचा सोडा कारखाना २००५ पासून टाटा केमिकल्सच्याच मालकीचा. इकडे आपला कारखाना परदेशी मालापासून वाचवायचा आणि तिकडच्या परदेशी मालाचे मालकही आपणच. आणि २०२४ च्या डिसेंबरात किमान आयात किंमत.

हे चुकीचे आहे का? यासाठी त्यांना शिव्या द्यायच्या का? आम्ही तसे करणार नाही. आपल्या मालासाठी भांडणे हा त्यांचा हक्क आहे. त्यांनी काय केले ते पाहा आणि शिका. माल किती पडून आहे, खर्च किती येतो, बाहेरचा भाव किती, त्यामुळे आपले नुकसान किती, या प्रत्येकाचा कागद त्यांनी तयार ठेवला. कारखाने मोजके, संघटना एक, वकील हजर. अँटी-डंपिंगच्या चौकशीत सगळ्या बाजूंना नोटीस जाते, तोंडी सुनावणी होते, मगच शिफारस होते. सोड्याच्या दाण्याला एवढा मान.

आणि कापसाची गत

आता आपला इतिहास काढा. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी. तीन दशके महाराष्ट्राच्या कास्तकाराला आपला कापूस आपल्या मर्जीने विकता आला नाही. राजुरा-कोरपन्याच्या माणसाने शेजारच्या आदिलाबादला कापूस नेला तर तो तस्कर ठरला. मिठापूरच्या सोड्याने राज्याची सीमा ओलांडली म्हणून कधी कोणाला नाक्यावर बसवून ठेवल्याचे ऐकले आहे काय?

एकाधिकार गेला, पण खोड गेली नाही. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ रोजी पुन्हा निर्यातबंदी, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत माघार. तोवर बाजार पडायचा तो पडलाच. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर शुल्क लावले. २०२२ साली भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, कास्तकाराच्या अंगावर जरा मास चढू लागले, तोच १४ एप्रिल २०२२ पासून शुल्क माफ. आणि २०२५ मध्ये पुन्हा माफ. या कशासाठी नोटीस आली? सुनावणी झाली? कोणी विचारले की बाबा, तुझा खर्च किती? रातोरात अधिसूचना, सकाळी बाजार खाली.

चाल स्पष्ट आहे. सोड्याचा भाव पडला की दार बंद करायचे. कापसाचा भाव चढला की दार उघडायचे. आणि कापसाचा भाव पडला की खांदे उडवून सांगायचे, जागतिक बाजारात मंदी आहे, आम्ही काय करणार? आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, दुसरे काय.

तीन सबबी

बैठकीत तीन प्रश्न येतील. त्यांची उत्तरे तयार ठेवा.

पहिला प्रश्न, कापसाला हमीभाव आहे ना? आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. पण हमीभाव मिळतो तो सरकारी काट्यावर जेवढा कापूस चढेल तेवढ्यालाच. त्यासाठी मोबाइलवर नोंदणी पाहिजे, केंद्र जवळ पाहिजे, ओलावा ८ ते १२ टक्क्यांत पाहिजे. दिवाळीच्या सुमारास दवातला वेचा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. मग तो कापूस कोणाकडे जातो, ते सर्वांना माहीत आहे. किमान आयात किमतीचे तसे नाही. ती बंदरावर उभी असते आणि देशातल्या प्रत्येक टनाला एकदम आधार देते. सोडा कारखान्याला ओलावा मोजून घेण्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही.

दुसरा प्रश्न, कापड गिरण्यांना कापूस स्वस्त मिळाला नाही तर कामगार बेकार होतील. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लावले, गिरण्या अडचणीत आल्या, हेही खरे. पण मग सोडा घेणारे कोण आहेत? काचवाले, साबणवाले, रंगाईवाले. त्यांच्याकडे कामगार नाहीत? त्यांना स्वस्त सोडा नको? सोडा महाग राहिला तर त्याचा बोजा काचेवर, पावडरीवर, अखेर तुमच्या-आमच्यावर पडतो. तरी सरकारने सोडा करणाऱ्याची बाजू घेतली, घेणाऱ्याची नाही. कापसात मात्र घेणाऱ्याची बाजू घेतली, पिकवणाऱ्याची नाही. गिरणीला मदत करायची तर सरकारने आपल्या तिजोरीतून करावी. कास्तकाराच्या खिशात हात घालून परस्पर दानधर्म करू नये.

तिसरा प्रश्न, परदेशी सोडा गैर मार्गाने स्वस्त होता म्हणून त्याला अडवले, कापसाचे तसे नाही. तसेच आहे! अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सरकारी पैसा देते, म्हणून ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि २००५ मध्ये अपिलातही टिकला. म्हणजे परदेशी कापूस फुगवलेल्या अनुदानावर स्वस्त होतो, हे जगाच्या कचेरीत सिद्ध झालेले आहे. ब्राझीलच्या सरकारने आपल्या कापसासाठी जे केले, ते आपल्या सरकारने सोड्यासाठी केले.

काय मागायचे, काय करायचे

आम्हाला सोड्याचा टेकू काढून घ्यायचा नाही. आम्हाला भीकही नको. आम्हाला एकच माप पाहिजे. बाजार खुला ठेवायचा तर दोघांचाही ठेवा. सोडा ज्या भावाने येईल त्या भावाने येऊ द्या, मग कापसाचेही बघू. राखायचा तर दोघांनाही राखा. एका पंक्तीत एकाला तूप आणि दुसऱ्याला ताक, हे यापुढे चालणार नाही.

नागभीडच्या बैठकीत तीन ठराव मांडायचे आहेत. एक, पेरणी झाल्यापासून शेवटचा वेचा विकला जाईपर्यंत कापसावरचे आयात शुल्क कमी करू नये. पेरताना जो नियम, तोच विकताना. दोन, शुल्क बदलायचेच असेल तर सोड्याला मिळते तशी उघड सुनावणी कापसाला मिळावी, आणि ती दिल्लीइतकीच विदर्भातही व्हावी. तीन, परदेशी कापूस कोणत्या भावाने उतरला आणि त्या आठवड्यात इथल्या बाजार समित्यांत काय भाव होता, हे आकडे सरकारने शेजारी शेजारी छापून जाहीर करावेत.

ठराव करून घरी गेलो तर काही होणार नाही. सोडावाल्यांनी कागदाच्या जोरावर जिंकले, हे विसरू नका. आपली अडचण हीच की कारखाने बोटावर मोजण्याइतके आणि आपण लाखो. त्यांचा खर्च ताळेबंदात, आपला खर्च आठवणीत. 'यंदा घाट्यात गेलो' असे सांगितले तर सुनावणीत कोणी ऐकत नाही. घाटा किती, एकरी किती, कशाचा, ते लिहिलेले लागते. म्हणून प्रत्येक गावाने निदान पाच कास्तकारांचा हिशेब लिहून ठेवावा. बी, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी, घरच्या माणसांची आणि बैलजोडीची रोजी, सावकाराचे आणि बँकेचे व्याज. बायांनी वावरात राबलेल्या दिवसांची मजुरी सोडू नका, ती सगळ्यांत आधी लिहा. मग कापूस किती निघाला, कोणत्या तारखेला, कोणत्या भावाने, कोणाला विकला. जिथे केंद्रावरून गाडी परत आली, तिथे तारीख आणि ओलावा लिहा. ज्वारीचाही असाच हिशेब ठेवा, कडब्यासकट.

असे शंभर गावांचे कागद एकत्र झाले की ते कोणत्याही कारखान्याच्या फायलीपेक्षा जाड होतील. मग दिल्लीला विचारता येईल की सोड्याच्या टनाला २०,१०८ रुपयांचा तळ तुम्ही ज्या गणिताने बांधला, ते गणित कापसाच्या क्विंटलला लावून दाखवा.

बैठकीला येताना वही सोबत आणा. ज्याची वही कोरी असेल त्यानेही या. लिहायला बसवू.